तळी कुणाची उचलायची?

मी एक जुनी तांब्याची तळी आहे. माझी सगळी हकिगत सांगणार आहे, पण आधी आमच्या वाडीच्या विश्वजीत पाटलाचं सांगते. ते पोटात ठेवून मला पुढचं बोलताच यायचं नाही.

मित्रांनो, तुम्ही कुणाच्या घरी गेलात तर तिथल्या म्हातारीच्या कपाळाला स्टिकर चिकटवाल का? ह्या बाप्यानं चिकटवला. एरवी आमच्या खंडोबाचं देऊळ कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते त्याला आठवत नव्हतं. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली, ह्याला पक्षाचं तिकीट हवं झालं आणि हा रोज पायरीवर हजर. यायचा, देवापुढं वाकायचा, वाकल्या वाकल्या फोटोवाला नीट उभा आहे का ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा. आणि एक दिवस उठता उठता माझ्या काठावर स्वतःचं तोंड चिकटवून गेला. हात जोडलेलं, दात काढलेलं, कपाळभर टिळा लावलेलं तोंड, खाली पक्षाचं चिन्ह. ज्या काठाला लोक बोट लावून ते बोट कपाळाला लावतात, त्या काठावर! गोंद असला चिवट, की भंडारा त्याला धरून बसायला लागला. माझ्या अंगाला नुसती खाज सुटली.

आता तळी म्हणजे काय, हे शहरातल्या पोरांना सांगावं लागेल. तळी म्हणजे खंडोबापुढचं ताट. त्यात भंडारा, म्हणजे सांगलीच्या बाजारातली चांगली पिवळीधमक हळद. त्यात खोबऱ्याच्या वाट्या, विड्याची पानं, सुपारी. पाच जणांनी भोवती बसायचं, पाच हातांनी मला धरायचं आणि येळकोट करत वर उचलायचं. तीनदा. तिसऱ्यांदा वर गेले की भंडारा उधळायचा आणि मगच मला खाली घोंगडीवर टेकवायचं. भंडारा उधळल्याशिवाय टेकवली तर ती तळी देवाला पोचत नाही, असं आमच्या वाडीत मानतात. पटो न पटो, मी ते मानते. मी त्यावरच जगले आहे.

माझा जन्म वाईचा. कृष्णेच्या घाटामागं एका तांबटाची भट्टी होती, तिथं मी झाले. आधी नुसता पत्रा होते. त्यानं मला तापवलं, ठोकलं, परत तापवलं, परत ठोकलं. खोलगट झाले तेव्हा मला वाटलं, झालं, सुटले. कशाची सुटते! मग बारीक हातोडी घेऊन त्यानं माझ्या अंगभर ठोके दिले, माशाच्या खवल्यासारखे एकाशेजारी एक. त्याला ते मठारणं म्हणतात. त्या ठोक्यांनी तांबं कडक होतं. तेव्हा मी ओरडत होते, आता त्याच ठोक्यांचा मला तोरा आहे. माझ्या अंगावरून हात फिरवा, कळेल.

मला तिथून घेऊन आली आकारामची आई. आकाराम पलटणीत होता, परमुलखात लढाईवर. त्याच्या आईनं नवस बोलला होता, पोरगा हातीपायी धड आला तर देवाला तळी देईन. तो धड आला. येताना हिंदी शिकून आला आणि आईला ‘चलो’ म्हणाला म्हणून तिच्या हातचा मारही खाल्ला. मग दोघं वाईला गेली आणि मला कापडात गुंडाळून कडेगावच्या बाजूला आमच्या डोंगराच्या वाडीत घेऊन आली.

पहिल्याच दिवशी प्रश्न पडला, पाच हात कुणाचे? वाडीत भांडणं तेव्हाही होती, तुम्हाला काय वाटलं? आकारामच्या आईनंच निकाल दिला. एक हात पाटलाचा, एक धनगराचा, एक सुताराचा, एक गुरवाचा आणि एक आमच्या घरचा. बांधावरून डोकी फोडा, पण तळीला पाचही या. आणि येत होते, पोरांनो. एकमेकांशी वर्षभर न बोललेली माणसं माझ्याभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसायची, येळकोट म्हणायची, एकमेकांच्या कपाळाला भंडारा लावायची. उठली की परत तोंडं फिरवायची. पण तेवढा वेळ तरी!

लग्नाची तळी, बारशाची तळी, पलटणीत भरती झालेल्या पोराची तळी. नवं जोडपं माझ्यापुढं बसल्याशिवाय गावाची शीव ओलांडत नसे. मला दम खायला सवड नव्हती. दर तळीच्या आधी आकारामची सून बनुबाई मला चिंचेनं घासायची. नवी नवरी होऊन आली तेव्हापासून तिचा हात माझ्या अंगावर. घासताना तिचं तोंड चालूच असायचं. सासूचं गाऱ्हाणं, जावेचं गाऱ्हाणं, उसाला पाणी सोडायच्या पाळीचं गाऱ्हाणं. मी ऐकत ऐकत लखलखीत व्हायची. लोक म्हणायचे, ही तळी बघावी की देव बघावा! देवाचा मान राखून सांगते, मला ते ऐकायला आवडायचं.

मग वाईट दिवस आले. देवळाला फरशी आली, रंग आला, मंडपाला पत्रे आले. प्रत्येक गोष्टीवर कुणाचं ना कुणाचं नाव आलं. पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव! पंखा फिरतोय म्हणजे ते नाव वाचणार कोण, हे कुणी विचारलं नाही. आणि एका पार्टीनं देवाला स्टीलची भली मोठी तळी दिली, मधोमध आपल्या पुढाऱ्याचं नाव कोरून. मला नेऊन माळ्यावर टाकलं. तिथं मागच्या निवडणुकीचे झेंडे होते, त्याच्या मागच्या निवडणुकीचेही होते. एकमेकांना शिव्या घालून झालेले सगळे पक्ष तिथं एका पोत्यात गपगार पडले होते, आणि त्यांच्यावर मी. हिरवी पडले. अंगावर उंदीर नाचले. मला काम नसलं की काय होतं ते सांगता येत नाही. तांबं असून जीव लोखंडासारखा जड होतो.

बनुबाईला हे कळलं तेव्हा ती तरातरा देवळात आली. गुरवाला म्हणाली, “माझ्या सासऱ्याच्या नवसाची तळी कुठं हाय?”

गुरव म्हणाला, “आवं काकी, नवी आलीया की. स्टीलची. गंजत न्हाई.”

“गंजत न्हाई, मग तिला घासायचं कुणी? आनि घासायचंच न्हाई, तर तिला आपली म्हनायचं कशावरनं?”

तिनं स्वतः शिडी लावली. पासष्टी ओलांडलेली बाई शिडीवर चढली, झेंड्यांचं पोतं लाथेनं बाजूला सारलं आणि मला काखेत मारून खाली आणलं. स्टीलच्या तळीत आता सत्यनारायणाचा शिरा असतो. तिच्याशी माझं भांडण नाही. तिच्यावर ज्याचं नाव आहे, त्याच्याशी आहे.

मग पक्ष फुटला. फुटला तिकडं वर, मुंबईत, पण चीर पडली ती आमच्या वाडीत. विश्वजीत पाटील ह्या बाजूला गेला. धुळा धनगर आणि अर्जुना सुतार त्या बाजूला. गुरव सकाळी ह्या बाजूला आणि दुपारनंतर त्या. माझ्या भोवतीचे पाच हात एकत्र येईनात. पाटील आला की धनगर मेंढरं घेऊन रानात, धनगर आला की पाटलाची मीटिंग. कितीतरी नवी जोडपी नुसता नमस्कार करून गेली. मी घोंगडीवर बसून वाट बघायची. भरलेली तळी तशीच बसली की हळदीला ओल धरते, तुम्हाला काय सांगू!

आणि त्यातच यशराजचं लग्न झालं. यशराज म्हणजे बनुबाईचा नातू, आकारामचा पणतू, तोही पलटणीत. नवी नवरी सृष्टी, कवठे महांकाळची. यशराजला लांब पंजाबकडं राहायला क्वार्टर मिळाली होती. सुट्टी संपत आली होती, दोघांची रेल्वेची तिकिटं निघाली होती. रविवारी तळी, सोमवारी मिरजेहून गाडी.

बनुबाईनं सांगून टाकलं, “पाच हातांची तळी झाल्याबिगर सृष्टी शीव वलांडायची न्हाई. त्यो एकटा जाईल. पुढच्या सुट्टीला बघू.”

शनिवारी सृष्टी मला घासायला बसली. काठावरचं विश्वजीतचं तोंड तिनं आधी खोबरेल लावून भिजवलं, मग नखानं खरवडलं. आधी दात गेले, मग टिळा गेला. “पुढची सुट्टी म्हंजे कवा?” ती माझ्याशीच बोलत होती. “आठ म्हयनं? दहा?” मला तिला सांगावंसं वाटत होतं, अगं पोरी, घास, घास, मी आहे. पण मला तरी कुठं ठाऊक होतं, पाच हात येतील का?

बनुबाई स्वतः तिघांच्या दारी गेली. धुळाला म्हणाली, अर्जुनाला म्हणाली, विश्वजीतलाही म्हणाली. विश्वजीत लगेच ‘येतो की काकी’ म्हणाला. तेव्हाच मला धाकधूक सुरू झाली. हा माणूस लगेच हो म्हणतो तेव्हा त्याच्या हो ला दुसरा मजला असतो.

रविवारी सगळे आले. पाटलीणबाई, म्हणजे विश्वजीतची आई धोंडुबाई, काठी टेकत आली आणि बायकांत भिंतीला टेकून बसली. धुळा आला, डोक्याला तांबडा पटका. वय झालेलं, एक खांदा वाकलेला. अर्जुना आला. गुरव बसला. यशराज बसला. सगळ्यात शेवटी विश्वजीत आला, पांढऱ्या गाडीतून, गळ्यात पक्षाचं उपरणं, मागं फोटोवाला. बसताना त्यानं माझा काठ बघितला. आपलं तोंड गायब झालेलं बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

पाच हात लागले. किती दिवसांनी! मला आनंद व्हायला हवा होता, पण पाच हातांतला एक हात नुसता टेकलेला होता, धरलेला नव्हता. आम्हा भांड्यांना ते लगेच कळतं.

“येळकोट येळकोट, जय मल्हार!” एकदा वर गेले. खाली आले. दुसऱ्यांदा वर गेले. खाली आले. तिसऱ्यांदा वर गेले, बनुबाईनं उधळायला मुठीत भंडारा घेतला, आणि विश्वजीत म्हणाला, “थांबा.”

सगळे थांबले. मी हवेत.

“आता तळी वर हाय,” तो म्हणाला. “देव बघतोय. धुळाअण्णा, अर्जुना, एक शब्द द्या आनि मग उधळू भंडारा. म्हना, आमच्या घरची मतं ह्या टायमाला विश्वजीतदादाला.”

बघा त्याचं डोकं! खाली असताना विचारलं असतं तर दोघं उठून गेले असते. वर असताना विचारलं. सोडली तर सृष्टीची तळी मोडते, धरून ठेवली तर तोंडून वचन निघतं.

धुळा हळूच म्हणाला, “विश्वजीतराव, मी देवाची तळी उचलाय आलोय. तुमची न्हाई.”

मंडपात आधी कुणाला कळलं नाही. मग मागून एक जण फिसकला आणि सगळ्या बायका पदरात हसल्या. मित्रांनो, तुमच्या पुस्तकात तो वाक्प्रचार असेल. एखाद्याची तळी उचलणे, म्हणजे त्याचीच री ओढणे. माझंच नाव, माझंच काम, आणि माणसांनी त्याचा अर्थ काय करून ठेवला! पण त्या दिवशी धुळानं तो अर्थ जिथल्या तिथं परत नेऊन ठेवला. मला त्याच्या त्या हाताचा मुका घ्यावासा वाटला.

विश्वजीत मात्र हसला नाही. “मग ऱ्हाऊ द्या अशीच वर. मला घाई न्हाई.”

“माझा हात भरून आलाय,” अर्जुना म्हणाला.

“मग म्हना की.”

“हात भरलाय म्हनतोय, अक्कल न्हाई भरली अजून.”

यशराजनं दात आवळले होते. “दादा, मी रायफल धरून उभा ऱ्हातो, मला काय फरक पडत न्हाई. पर धुळाआज्जांचा खांदा बघा की.”

धुळाचा खांदा खाली येत होता. मी एका बाजूला कलत होते. भंडारा काठाकडं सरकत होता, सुपारी गडगडत होती. सृष्टी हात जोडून बसली होती, पण तिची नजर देवावर नव्हती, माझ्यावर होती. आयुष्यभर मी मजेत वर गेले आणि खाली आले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वर राहायची भीती वाटली.

आणि विश्वजीतचा फोन वाजला.

त्यानं खिशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत खिशाकडं बघितलं. “एक मिनिट. वरनं फोन हाय,” म्हणाला, आणि त्यानं हात काढून घेतला.

वरनं! मी देवाच्या पुढ्यात, देवाच्या नावानं हवेत धरलेली, आणि ह्याचं ‘वर’ दुसरीकडंच!

मी त्याच्या बाजूला कोसळले. भंडाऱ्याचा लोट धुळाच्या पटक्यावर गेला, खोबऱ्याची वाटी गुरवाच्या मांडीवर. घोंगडी मला दिसायला लागली. आता टेकणार, झालं सगळं, सृष्टी राहिली मागं. आणि तेवढ्यात खालून एक हात आला. बनुबाईचा. तो मी लाखात ओळखते. चिंचेनं रापलेला, बोटांच्या पेरांना भेगा पडलेला. तिनं मला पाटलाच्या जागी असं धरलं, की माझ्या मठारलेल्या अंगावर तिची पाचही बोटं उमटली असतील.

गुरव पुटपुटला, “काकी, बाईचा हात चालत न्हाई तळीला.”

“घासायला चालतो व्हय रं?” बनुबाई म्हणाली. “आनि नवस बोलाय? माझ्या सासऱ्याच्या आईनं दिली ही. ती काय बाप्या हुती? म्हन येळकोट, न्हाईतर सोड तुझा बी हात, धोंडुबाईला बशिवते तुझ्या जागंवर.”

गुरवानं धरलं. घट्ट धरलं.

“सदानंदाचा येळकोट!” सगळ्यात मोठा आवाज सृष्टीचा होता. तिनंच मूठ भरून भंडारा उधळला आणि मंडपाचे पत्रे, पंखे, पंख्यावरची नावं, सगळं पिवळं झालं. मला घोंगडीवर टेकवलं. धुळानं यशराजच्या कपाळाला भंडारा लावला, अर्जुनानं धुळाच्या लावला. धुळा तळहात चोळत सृष्टीला म्हणाला, “जा बाय आता पंजाबला. तिथं थंडी लय असती म्हनं. घोंगडं देतो माझ्याकडचं.”

मित्रांनो, मला तुमच्याकडं एक मागायचं आहे, आणि घाईघाईत मागते, कारण तो बघा विश्वजीत बाहेरचा फोन संपवून परत येतोय. घरातलं, देवळातलं जुनं भांडं नुसतं जपून ठेवू नका. जपून ठेवणं म्हणजे माळ्यावर टाकण्याचाच एक प्रकार आहे. वापरा, घासा, चार जणांत न्या. आणि भांड्यावर नाव कोरायचं झालं तर आधी विचारा, ह्याला हात लावणारे किती आहेत, त्या सगळ्यांची नावं मावतील का? नाही मावत ना? मग राहू द्या कोरं.

विश्वजीत आला तो पडलेल्या तोंडानं. फोनवर कळलं होतं, पक्षाचं तिकीट दुसऱ्याला गेलं. पायरीवरच त्यानं गळ्यातलं उपरणं काढून खिशात कोंबलं, तरी एक टोक बाहेर लोंबत राहिलं. तो थेट धुळाजवळ येऊन बसला.

“धुळाअण्णा,” आवाज अगदी लोणी, “तुमच्या सायबांकडं माझ्यासाठी शब्द टाकता का? काय झालं गेलं ते सोडा. आपन काय परकं न्हाई, एका तळीचं हाव.”

धुळा पटक्यावरचा भंडारा झटकत राहिला.

मग विश्वजीतनं फोटोवाल्याला खूण केली आणि माझ्या काठाला हात घातला. “माझ्याकडनं मघाशी ऱ्हायलं. चला, परत एकदा उचलू. काकी, भरा की तळी.”

धोंडुबाई भिंतीला टेकून लेकाकडं बघत होती. हसत नव्हती, रडत नव्हती. बनुबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं, मग विश्वजीतचं मनगट धरलं आणि त्याचा हात माझ्यावरून उचलून त्याच्याच मांडीवर ठेवला.

“विश्वजीत,” ती म्हणाली, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशी, “पाटलाच्या घराचा मान हाय त्यो हाय, त्यो मी काढनार न्हाई. पर तुझा हात आता तळीला नगं. हितनं पुढं तुझ्या आईला धाड. तिनं धरल्यालं कवा सोडलं न्हाई.”